जावयाचा पहिला घास

चार माणसं बघत असली की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. पुढचं सगळं या एकाच गोष्टीपायी घडलं, म्हणून ती आधी सांगून टाकतो. भूक असायची, अन्न आवडीचं असायचं, हातही ताटाकडे जायचा. पण कोणी आपल्याकडे बघतंय असं नुसतं वाटलं तरी कानाच्या पाळ्या तापायच्या, बोटं थरथरायची आणि तोंडातला घास जागच्या जागी लाकडाचा होऊन बसायचा. मग तो गिळायचा कसा आणि टाकायचा कुठे, या विवंचनेत पाठीवरून घाम निथळायचा. माझी नात म्हणते, आजोबा, याला आता डॉक्टरी नाव आहे. असेल. आमच्या वेळी त्याला बुजरेपणा म्हणत, आणि माझ्या वडिलांच्या तोंडी त्याला याहून वाईट शब्द होता.

आमचं घर सोनगीरला, तांबट आळीच्या मागच्या अंगाला. उजाडल्यापासून हंडे-कळशा ठोकल्याचा आवाज सुरू व्हायचा तो दिवस कलेपर्यंत. पाहुणे आले की त्यांना बोलणं ऐकू यायचं नाही, ते कानावर हात ठेवायचे. मला मात्र तो आवाज फार सोयीचा होता. त्या ठोकठोकीत कोणी कोणाशी फारसं बोलत नसे आणि मी काही बोललो नाही तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. माय चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापायची. ज्वारी आणि उडदाच्या त्या काळपट भाकरीवर ती लाल मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल घालून द्यायची. माझं ताट ती दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड येईल असं मांडायची. असं का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्या पाठीमागे बाकीचे जेवायचे, आणि मी भिंतीवरचे पोपडे बघत पोटभर खायचो. माझ्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं ठिकाण कोणतं असं विचारलं तर मी तो दारामागचा कोपरा सांगेन.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. शेती बेताची, पण माणूस दांडगा आणि आवाज त्याहून दांडगा. पंचक्रोशीत कुठेही लग्नकार्य असलं की आबांना आवर्जून बोलावणं असायचं, कारण पंगतीत आग्रह करावा तर आबांनीच. हातात बुंदीचं ताट घेऊन ते ओळीतून फिरू लागले की नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना आबांनी मला एका लग्नाला नेलं आणि मुद्दाम पंगतीच्या मध्यावर बसवलं. 'मना पोऱ्या पाच लाडू खाई,' असं त्यांनी आमच्या खानदेशी बोलीत, माझ्याबद्दल, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. लोक माझ्याकडे बघू लागले. पहिला लाडू मी कसाबसा तोंडात घातला. दुसरा आबांनी स्वतःच्या हातानं कोंबला. तिसऱ्याला मी ताटावरच ओकलो, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ते उडालं. आबांनी मला मारलं नाही. येताना बैलगाडीत ते पाठ करून बसले होते, आणि घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, 'अख्ख्या पंगतीत मान खाली घातलीस माझी.' त्यानंतर त्यांनी मला कुठल्याच कार्याला नेलं नाही. मला तेच हवं होतं, आणि तरीही ते गाडी जुंपून एकटे निघाले की मला रडू यायचं.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी माझी बहीण, तिला मी अक्का म्हणायचो. ती माझी ढाल होती. पाहुण्यांनी मला काही विचारलं की उत्तर अक्का द्यायची. शाळा कशी चाललीय, मोठेपणी काय होणार, सगळ्याची उत्तरं तिच्याकडे तयार. पण तिचं लग्न दोंडाईच्याला झालं आणि ढाल गेली. निघताना तिनं माझ्या कानात सांगितलं, 'पुंडा, आता तुझं तू बोलायला शीक.' मी मान हलवली. शिकलो मात्र निराळंच.

मी शिकलो उपास करायला. हा माझा शोध होता आणि मला त्याचा तेव्हा मोठा अभिमान वाटायचा. धुळ्याला शिकायला गेलो, पुढे तिथल्याच एका प्राथमिक शाळेत मास्तर झालो, तेव्हा रोज कोणी ना कोणी जेवायला बोलवायचं. मी हात जोडून म्हणायचो, आज सोमवार आहे. आज गुरुवार आहे. आज संकष्टी आहे. दोन-तीन वर्षांत माझ्या वाट्याला असा वार उरला नाही की ज्या दिवशी मी लोकांच्या घरी उपाशी नसेन. खोलीवर येऊन दाराला कडी घालायची आणि शेव-मुरमुरे नाहीतर गार भाकरी खायची. वर्गात माझी जीभ कधी अडली नाही, हे एक नवल. चाळीस पोरांपुढे मी तासन् तास बोलायचो, गोष्टी सांगायचो, त्यांच्याबरोबर हसायचो. पण त्याच पोरांचा एखादा बाप दारात येऊन उभा राहिला की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. गावात माझी कीर्ती झाली ती मोठा सात्त्विक, व्रतस्थ मास्तर म्हणून. आणि या कीर्तीवरच माझं लग्न जमलं.

एरंडोलच्या बाजूला एका खेड्यात द्वारकाचं माहेर. तिच्या वडिलांना सारं गाव नाना म्हणायचं. उंच, सडपातळ, मोजकं बोलणारा शेतकरी. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं की मुलगा एवढा देवभोळा आहे की आठवड्यातले चार दिवस जेवत नाही, आणि त्यांनी मुलगी दिली. लग्नाला मी भ्यालो नाही. डोक्याला बाशिंग बांधलं की समोर मुंडावळ्यांची झालर येते. तिच्याआडून मला लोक दिसत नव्हते आणि लोकांना माझा चेहरा दिसत नव्हता. लग्नाच्या पंगतीतून मी नेहमीच्या पद्धतीनं सुटलो. सासरच्या माणसांनी जावयाच्या उपासाचं भारी कौतुक केलं.

द्वारका धुळ्याला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मला वाढलं. मी ताट उचललं आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवून बसलो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरानं मी जेवत असताना मागून हुंदका ऐकू आला. तिला वाटत होतं, तिच्या हातचं मला आवडत नाही, किंवा तीच आवडत नाही. 'काय चुकनं मनं?' असं तिनं दोनदा विचारलं. मला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठाशी आले होते. पण आपला नवरा माणसांना घाबरतो हे सतरा वर्षांच्या बायकोला कसं सांगावं? मी म्हणालो, 'काही नाही,' आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. आज या गोष्टीचा विचार करतो तेव्हा मला पुढच्या सगळ्या फजितीपेक्षा त्या 'काही नाही'ची जास्त लाज वाटते.

लग्नानंतरची पहिली अखजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचं अप्रूप जास्त. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात आणि आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं. द्वारका आठ दिवस आधीच माहेरी गेली होती. मला बोलावणं आलं. नव्या जावयाची पहिली अखजी चुकवता येत नाही, आणि पितरांच्या जेवणाला उपासाची सबब चालत नाही. मी आगगाडीनं धुळ्याहून चाळीसगावला गेलो आणि तिथून एरंडोल रोड स्टेशनावर उतरलो, तेव्हा माझा मेहुणा सुकलाल दमणी जुंपून उभा होता. वैशाखाचं ऊन, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. सुकलाल मोठा बोलका. त्यानं सांगितलं की आमराईतला पहिला पाड मुद्दाम माझ्यासाठी राखलाय, सगळी भावकी जेवायला बोलावलीय, ऐंशी पानं तरी होतील. मी हळूच म्हणालो, 'सुकलालभाऊ, माझं पोट जरा ठीक नाही.' तो खदाखदा हसला. 'आमरसावर कसानं पोट बिघडस हो!' म्हणाला आणि त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात कडुनिंबाच्या सावलीला मांडव घालून पंगत बसली. आत बायका सकाळपासून खापरावर पुरणाचे मांडे भाजत होत्या. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं; त्यावर परातीएवढी पोळी हातावरच मोठी करून टाकतात. भाजल्या पुरणाचा तो वास सगळ्या घरात, अंगणात दाटला होता. पितळेच्या घंगाळात आमरस होता, टोपलीभर कुरडया-पापड होते, मसाल्याची झणझणीत रस्सी, म्हणजे कटाची आमटी, होती. कोणत्याही धडधाकट माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं असं ते जेवण. माझा पाट मधोमध मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. दोन्ही बाजूंना आणि समोर माणसंच माणसं, पांढरी पागोटी, तपकिरी चेहरे. स्वयंपाकघराच्या दारात बायका एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. त्यांच्यात द्वारका होती. नाना आणि सुकलाल वाढायला उभे होते, कारण यजमानानं शेवटी जेवायचं.

वाढून झालं. नैवेद्य झाला. आणि सगळे थांबले.

मला आधी कळलंच नाही की ते कशासाठी थांबलेत. मग शेजारचा म्हातारा म्हणाला, 'ल्या जवाईबुवा, घास ल्या.' जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणी अन्नाला हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत. ऐंशी माणसं गप्प बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी मांड्याचा तुकडा मोडला. रसात बुडवला. हात वर आणता आणता थरथरायला लागला आणि रसाचे थेंब सदऱ्यावर पडले. कोणीतरी हसलं. घास तोंडात गेला. मी चावू लागलो. चावतच राहिलो. त्याचं काही होईना. घसा बंद झाला होता, बाहेरून कोणी मूठ आवळावी तसा. कानांत गरम वाफ भरली. मला वाटलं, आता इथेच, पितरांच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, पुन्हा तेच होणार.

'जवाईबुवा रुसनात का काय?' पलीकडून एकजण ओरडला. आणि हशा झाला. रुसलेल्या जावयाची गंमत सगळ्यांच्या ओळखीची. हातात अंगठी नाही तर खांद्यावर शेला पडेपर्यंत जावई घास घेत नाही, मग सासरा काहीतरी कबूल करतो, मग सगळे हसत जेवतात. 'काय जोयजे, सांगी टाका!' 'सायकल मांगतस व्हतीन! मास्तर शे ना!' चहूकडून आवाज येऊ लागले. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या हातात रसाचं भांडं होतं आणि ते हसत नव्हते.

मी उठलो. भरल्या ताटावरून, पितरांच्या दिवशी, पहिला घास तोंडात तसाच धरून उठलो आणि गोठ्याच्या बाजूनं मागच्या दारानं बाहेर पडलो. मी पळालो नाही असं म्हणावंसं वाटतं, पण खरं सांगायचं तर गोठा ओलांडल्यावर मी पळालो.

घरामागे दोन शेतं टाकली की नानांची विहीर होती. मी तिथे पोचलो, घास थुंकला, आणि मोटेच्या बैलांच्या धावेच्या कडेला बसून ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी ओकतच राहिलो. मग तोंड धुऊन आंब्याच्या बुंध्याला टेकून बसलो. स्टेशन किती लांब असेल, चालत किती वेळ लागेल, याचा मी विचार करत होतो. पुढचं काहीच सुचत नव्हतं. माझ्यामागे ऐंशी माणसं वाढलेल्या ताटांवर अडकून बसली असतील हे मला ठाऊक होतं. जावई उपाशी उठलेला असताना त्यांना जेवता येणार नव्हतं, आणि पितरांचं अन्न टाकून उठताही येणार नव्हतं.

थोड्या वेळानं बांधावरून माणसं येताना दिसली. पुढे नाना, मागे सुकलाल आणि गावातले दोन वडीलधारे. नाना माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्या उन्हात ते अनवाणी आले होते.

'जवाईबुवा,' ते म्हणाले, 'काय चुकनं आमनं?'

मी उठून उभा राहिलो. तोंड उघडलं. आवाज निघेना.

'सायकल जोयजे व्हई ते सायकल लई देस. आखो काही व्हई, ते बी सांगा. पन आजना दिन मना दारम्हाईन उपाशी जाऊ नका.'

मी मान हलवली. मला काहीच नको, असं म्हणायचं होतं. पण त्या चौघांनी त्याचा अर्थ निराळाच लावला. सायकलीवर भागत नाही, याला आणखी काही हवंय. वडीलधाऱ्यांपैकी एकजण कुजबुजला, 'शिकेल पोट्टं, आशेच ऱ्हातस.' सुकलालच्या चेहऱ्यावर राग चढत होता. काल दमणीत हसणारा माणूस तो हा नव्हेच. नानांनी दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावरचं पागोटं उतरवलं. त्यांचं डोकं मी प्रथमच उघडं पाहिलं. विरळ पांढरे केस, कपाळावर पागोट्याचा करकोचा. ते पागोटं दोन्ही हातांत धरून ते वाकू लागले.

आता ते माझ्या पायांवर येणार होतं. मला दिसत होतं, आणि तरी माझी जीभ टाळ्याला चिकटलेली.

'थांबा!'

ती द्वारका होती. बांधावर उभी, पदर डोक्यावरून सुटलेला, धावत आल्यामुळे धापा टाकत होती. वडीलधाऱ्यांपुढे, नवऱ्यापुढे, असं उघड्यावर ओरडणारी मुलगी त्या गावानं पाहिली नसेल. ती बापाशी बोलली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुम्ही आते बोलनात नही, ते मी तुमनासंगे धुयाले येत नही. सांगी ठेवस.'

मी नानांचे हात धरले. पागोट्यासकट धरले. 'नाना,' मी म्हणालो, आणि मला माझाच आवाज ओळखू आला नाही, 'माले काहीच नको. माले भ्याव वाटस.'

'कसानं भ्याव?'

'लोकेस्नं. बठ्ठा देखतस ना, मंग घास उतरत नही. धाकलपणपासून. उपास बी खोटा शेत. सगळे खोटे.'

एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. ज्या माणसानं माझ्या उपासांवर मुलगी दिली होती, त्याच्यासमोर मी हे बोललो होतो. एका वडीलधाऱ्यानं हसू दाबलं, ते मी पाहिलं. सुकलालचं तोंड उघडंच राहिलं. द्वारकाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

नाना ताठ उभे राहिले आणि संतापले. मी त्यांना एवढं बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही. 'मंग हाई पहिले काब्रं नही सांगं? काल नही सांगं, आज सकायले नही सांगं! अर्धं गाव उपाशी बठेल शे! मी तुमना पाय धराले निंघनू व्हतू!' ते थांबले. पागोटं डोक्यावर चढवलं, नीट बसवलं. मग निराळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, 'मना घरम्हा बी भ्याव वाटस?'

'हो,' मी म्हणालो. 'नाही' हे त्या क्षणी सगळ्यात सोपं खोटं होतं, पण ते मी बोललो नाही.

ते वळून बांधाला लागले. मग म्हणाले, 'चला.'

आम्ही परत निघालो. गोठ्याजवळून मांडव दिसू लागला. माणसं तशीच बसलेली, ताटांवर माश्या. आम्हाला पाहून सगळे सावरून बसले. मला वाटलं, नाना आता सगळ्यांना सांगणार आणि हशा होणार. त्यांनी सांगितलंच. उभं राहून, मोठ्यानं. 'जवाई रुसेल नही. बुजेल शे. नवं वासरू बुजस तसं.' हशा झालाही, पण त्यात विष नव्हतं. माणसांना जेवायला मिळणार होतं, तीही मोकळी झाली होती. मी पाटावर बसलो. मान खाली. पुन्हा ऐंशी डोकी माझ्याकडे वळली. आणि मग नानांनी जे केलं त्यावर ते गाव पुढे वीस वर्षं बोललं.

ते माझ्या समोरच्या ओळीत आले, एका भाच्याला त्यांनी उठवलं, आणि स्वतः खाली बसले. यजमान, ज्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, तो पंगतीत बसला. त्यांनी त्या उष्ट्या न झालेल्या ताटातल्या मांड्याचा हातभर तुकडा मोडला, रसात बुडवला आणि म्हणाले, 'आज पहिला घास मना.' आणि खाल्ला. जावयाच्या आधी. हनुवटीवरून रस ओघळला तो त्यांनी पुसलाही नाही. लगेच दुसरा घास घेतला, लगेच तिसरा, भुकेल्या गड्यासारखे भुरके मारत ते जेवू लागले. सगळी पंगत माना वळवून त्यांच्याकडे बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, 'नानाले याड लागनं का काय?' बायका दारात तोंडावर पदर धरून उभ्या. पाटलासारखा मानी माणूस, उभ्या हयातीत ज्यानं रीत मोडली नव्हती, तो स्वतःच्या अंगणात अधाशासारखा खात होता, आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी घास घेतला. तो गेला. रस गोड होता, वेलदोड्याचा होता, हे मला तेव्हा कळलं. अर्धा मांडा खाल्ला. कोणाला वाटेल माझा रोग त्या दिवशी गेला. तो गेला नाही. नातीच्या लग्नात परवा बुफे होता, ताट हातात घेऊन कोपऱ्यात जाता येतं म्हणून मी या नव्या पद्धतीवर बेहद्द खूश झालो. पण त्या दिवसानंतर मी खोटा उपास एकही केला नाही. बोलावलं तर सांगायचं, मला माणसांत जेवता येत नाही, वाईट वाटून घेऊ नका. निम्मे लोक हसायचे. बाकीच्यांनी मला आतल्या खोलीत पान वाढलं.

द्वारका मात्र माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. झोक्यावर तिच्या मैत्रिणी गात होत्या, तीही गात होती, पण माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. तिच्या बापानं डोक्यावरचं पागोटं उतरवलेलं तिनं पाहिलं होतं. मुलींनी अखजीनंतर महिनाभर माहेरी राहायचं अशी चाल होती. मला तिसऱ्या दिवशी एकट्यानं परतायचं होतं. ती धुळ्याला येणार की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायला आम्हाला दोघांना एकांत मिळेल असं ते घर नव्हतं.

सुकलालनं दमणी जुंपली. निरोप द्यायला सगळं घर ओट्यावर जमलं: सासूबाई, नाना, चुलत्या, शेजारणी, झोक्यावरच्या सगळ्या मुली. द्वारका मागे, खांबाला धरून. मी चपला घातल्या. मग काढल्या. ओट्याची पायरी चढून पुन्हा वर आलो. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. कानाच्या पाळ्या तापल्या, सगळं नेहमीसारखं झालं.

'द्वारका,' मी म्हणालो. नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची नसते. मुलींमध्ये खसखस पिकली. 'येशील ना?'

तिनं पदर सावरला. ती मला सगळ्यांसमोर उभं ठेवून विचार करत होती, आणि तिला ते ठाऊक होतं. मी खाली बघितलं नाही. नानांनी खाकरून दुसरीकडे तोंड फिरवलं.

'भितरा माणूस चालस माले,' द्वारका म्हणाली. 'मुका चालत नही.'

'मुका नाही,' मी म्हणालो.

'मंग येस मी.'